पाकिटातला आलू आणि वाशीमचं स्वयंपाकघर

होळी आटोपली की वाशीमच्या बाजारात आलूचे ढीग वाढतात आणि भाव उतरतो. हा माल इथला नसतो. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांचं रान सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचं. आलू येतो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून, ट्रक भरभरून. तिकडची काढणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, म्हणून फाल्गुनात इकडे तो स्वस्त. तेवढ्यात ऊनही तापायला लागतं. वर्षाचे चिप्स, कीस, साबुदाण्याच्या चकल्या, पापड्या याच दिवसांत उरकल्या जातात. ज्या जिल्ह्यात आलू जवळपास पिकतच नाही, तिथे तो वाळवून वर्षभर पुरवण्याची कला मात्र घरोघरी आहे.

याच आलूचा एक वेगळा अवतार आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत दिसतो: पोटॅटो फ्लेक्स, म्हणजे इन्स्टंट मॅश्ड पोटॅटो. पांढऱ्या-पिवळसर, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचा चुरा. गरम पाणी ओतलं, चमच्याने हलवलं की दोन मिनिटांत उकडून कुस्करलेला बटाटा तयार, असा त्याचा दावा. परदेशात यावर पाककृतींचा खच पडलेला आहे: सूप, ब्रेड, कटलेट, पॅनकेक, अगदी केकसुद्धा. आपल्याकडे अजून हा माल घराघरांत पोचलेला नाही. वाशीमच्या किराणा दुकानात मागितला तर बहुधा चिप्सचं पाकीट हातात येईल. पण तो येणार हे दिसतंय, म्हणून त्याचं आपल्या स्वयंपाकात काय करता येतं, काय करू नये, याचा हिशेब मांडून ठेवलेला बरा. माझं मत आधीच सांगते. हा पदार्थ बटाटा समजून वापरला की फसतो. तयार उकड समजून वापरला की चांगला कामाला येतो.

असं का, ते कळायला तो बनतो कसा ते पाहावं लागतं. बटाट्यातला स्टार्च पेशींच्या आत कोंडलेला असतो. उकडताना तो आतल्या आत फुगतो, पण पेशीची भिंत शाबूत राहिली तर कुस्करलेला बटाटा मोकळा, रवाळ लागतो. भिंती फुटल्या की स्टार्च बाहेर येतो आणि लगदा खळीसारखा चिकट होतो. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवण्याचा शहाणपणा ज्यांनी केलाय त्यांना ही खळ ठाऊक आहे. कारखान्यापुढची अडचण हीच होती. वाळवताना आणि पुन्हा भिजवताना पेशी फुटतात. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत यावर तोड निघाली. बटाट्याच्या चकत्या आधी साधारण ७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धरायच्या, मग थंड पाण्यात गार करायच्या आणि नंतर वाफेवर पूर्ण शिजवायच्या. मधल्या गार करण्यात फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पुढे सहज चिकटपणा धरत नाही. नंतर लगदा करून वाफेने तापवलेल्या मोठ्या फिरत्या लोखंडी पिंपावर त्याचा पातळ थर देतात. काही सेकंदांत तो वाळून कागद होतो. तो खरवडायचा, तुकडे करायचे, की झाले फ्लेक्स. ओलावा सातेक टक्के उरतो. साल, डाग आणि पाणी गेल्यावर एक किलो फ्लेक्ससाठी पाच-सहा किलो बटाटा लागतो, हे डोक्यात ठेवावं. पाकिटावरची किंमत महाग की स्वस्त ते या हिशेबानेच ठरवायचं. मोंढ्यात आलू पंचवीस रुपयांनी असेल तर किलोभर फ्लेक्समध्ये सव्वाशे-दीडशे रुपयांचा आलू आहे. वरचे पैसे कारखान्याचे, पाकिटाचे आणि तुमच्या वाचलेल्या वेळाचे.

बटाटा वाळवण्याची कल्पना अर्थातच अमेरिकेची नाही. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावर लोक शतकानुशतकं रात्रीच्या हिमात बटाटे गोठवतात, दिवसा उन्हात टाकतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वर्षानुवर्षं टिकणारा 'चुन्यो' तयार करतात. इंग्लंडात १८४०च्या दशकात एडवर्ड्स नावाने वाळवलेला बटाटा विकला जात होता आणि तो जहाजांवर, सैन्यात जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपायांच्या ताटात सुका बटाटा पडला आणि त्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. त्या बदनामीतून मार्ग काढण्याच्या खटपटीत फ्लेक्स जन्मले. ब्रिटनमध्ये कॅडबरीच्या 'स्मॅश'ने १९७०च्या दशकात घरं जिंकली ती चवीपेक्षा जाहिरातीवर. मंगळावरून आलेले पत्र्याचे प्राणी, बटाटे सोलून, उकडून, कुस्करत बसणाऱ्या माणसांना हसतात, अशी ती जाहिरात होती. आमच्याकडच्या बाया त्या मंगळवासीयांना हसल्या असत्या. वर्षाचं काम चैत्रात करून डब्यात बंद केलं की रोज सोलायचा प्रश्नच कुठे येतो?

भारत बटाट्याच्या उत्पादनात चीनखालोखाल दुसरा. तरी वाळवलेल्या बटाट्याचा कारखानी धंदा आपल्याकडे गेल्या काही वर्षांतला, आणि तो मुख्यतः गुजरातेत. मेहसाणा, बनासकांठा, आणंद हा पट्टा फ्रेंच फ्राइज आणि फ्लेक्ससाठी उभा राहिला. मॅककेनचा मेहसाण्याचा कारखाना २००७ सालचा, आणि हायफन फूड्ससारख्या तिथल्या कंपन्या फ्लेक्स परदेशीही पाठवतात. या मालासाठी साधा बटाटा चालत नाही. घट्ट माल, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर कोरडा भाग, आणि साखर कमी हवी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८मध्ये 'कुफरी चिप्सोना'च्या जाती आणल्या त्या यासाठीच. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात आंबेगाव-खेडच्या पठारावर चिप्स कंपन्यांसाठी कराराने बटाटा लावतात, पण त्याचा वऱ्हाडच्या बाजाराशी फारसा संबंध येत नाही.

साखरेची गोष्ट घरच्या वाळवणालाही लागू पडते, म्हणून थोडं थांबते. बटाटा शीतगृहात दोन-चार अंशांवर ठेवला की त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. असा बटाटा भाजीत किंचित गोड लागतो, चालून जातो. पण त्याचे चिप्स तळले की तपकिरी होतात आणि कडवट लागतात. फाल्गुनात केलेले चिप्स पांढरेशुभ्र फुलतात आणि श्रावणात घाईने केलेले काळे पडतात. त्यात हाताचा दोष नाही, आलू शीतगृहातला असतो. जुन्या बाया नवा आलू हातात घेऊन सालीला नख लावून पाहतात. साल सहज सुटली तर नवा. चकत्या पाण्यात टाकून पाणी पांढरं निघायचं थांबेपर्यंत बदलायचं, तुरटीचा खडा फिरवायचा, अर्धवट उकडायच्या आणि धुतलेल्या सुती लुगड्यावर गच्चीवर पसरायच्या. पाण्यात स्टार्च आणि साखर दोन्ही निघून जातात. कारखान्यात हेच काम यंत्रावर, मोजून-मापून होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे स्वयंपाक. फ्लेक्स वापरून केलेले पदार्थ मी तीन ढिगांत टाकते. एकात फ्लेक्स बटाट्याची जागा घेऊ पाहतात. दुसऱ्यात ते बांधणी करतात. तिसऱ्यात ते रस्सा दाट करतात किंवा वरचं आवरण होतात. पहिला ढीग निराशेचा, दुसरा खरा कामाचा, तिसरा अधूनमधूनचा.

पहिल्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. आलूची सुकी भाजी, आलू-वांगं, पातळ रस्सा, उपवासाची भाजी यांत बटाट्याची फोड लागते, दाताखाली यावी लागते, आणि फ्लेक्सला फोडच नाही. आलूबोंड्याचं सारण मात्र कुस्करलेलंच असतं, तेव्हा तिथे तरी चालायला हवं, असं वाटतं. चालतं, पण सपक. चांगल्या आलूबोंड्यात मऊ भागाबरोबर हाताने मोडलेले लहान गोळे असतात, लसूण-मिरचीचा ठेचा त्यांच्या फटीत बसतो. फ्लेक्सचं सारण सगळीकडे सारखं गुळगुळीत. शिवाय पाणी जरा जास्त झालं की गरम तेलात वाफ कोंडून बेसनाचं आवरण फुटतं. तर्री घालून प्लेट पुढे केली तरी ओळखणारा ओळखतो. उलट, पावसाळ्यात मिळालेला पाणचट आलू उकडून कुस्करला आणि सारण हाताला चिकटायला लागलं, तर त्यात मूठभर कोरडे फ्लेक्स भुरभुरून पाच मिनिटं ठेवावेत. जास्तीचं पाणी पिऊन ते सारण वळण्याजोगं करतात. अशा वेळी ब्रेडचा चुरा किंवा पोहे घालायची सवय आहे, पण त्यांची चव वेगळी पडते. बटाट्यात बटाटाच गेला की कोणाला कळत नाही.

आणि इथून दुसरा ढीग सुरू होतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. भाकरी करताना पीठ आधणात, उकळत्या पाण्यात कालवतात ते त्यासाठी. गरम पाण्याने ज्वारीतला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. जुनं पीठ असलं, विरी गेली, की भाकरी थापताना चिरते. फ्लेक्समधला स्टार्च आधीच शिजवलेला, फुगवून वाळवलेला असतो. साध्या पाण्याने भिजवला तरी तो पीठ धरून ठेवतो. म्हणजे आधणाचं काम त्याने अगोदरच केलेलं आहे. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात पाव वाटी फ्लेक्स घालून पाहा. थालीपिठाला तर हे इतकं मानवतं की नवशिक्या हातालाही कडा चिरत नाहीत. मी करते ती पद्धत अशी: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन पाव वाटी, फ्लेक्स पाव वाटी, बारीक चिरलेला कांदा, भरपूर सांभार (म्हणजे कोथिंबीर), तीळ, ओवा, तिखट, हळद, मीठ. हे सगळं आधी कोरडंच नीट मिसळायचं. फ्लेक्स मागाहून टाकले तर जिथे पाणी तिथे गठ्ठा होतो. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत भिजवायचं, नेहमीपेक्षा जरा सैलच, आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. एवढ्यात फ्लेक्स पाणी ओढून घेतात आणि सैल वाटणारं पीठ थापण्यासारखं होतं. इथे घाई करून पीठ वाढवलं की थालीपीठ दगड होणार. तव्यावर मधे भोक पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. वरून खुसखुशीत, आत मऊ, आणि डब्यात चार तासांनीही वातड होत नाही. शाळेच्या, शेताच्या डब्यासाठी हा फायदा मोठा आहे, कारण बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो.

याच सूत्रात अळूवडीचं बेसन, सांभारवडीचं सारण, दुधीचे मुटके, मेथीचे पराठे असं बरंच काही बसतं. पराठ्यात फ्लेक्स सारणापेक्षा कणकेत जास्त शोभतात. आलूपराठ्याचं सारण त्यांचं करायचं असेल तर पाणी पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाऊणपट घ्यावं, गार होऊ द्यावं आणि मग मसाला घालावा. गरम असताना घट्ट वाटत नाही म्हणून आणखी फ्लेक्स टाकण्याची चूक सगळे करतात. आणि पाणी उकळतं नको. खळखळत्या पाण्याने पेशी फुटून खळ होते. पाणी उकळून खाली उतरवावं, त्यात थोडं थंड दूध घालावं, मग फ्लेक्स वरून सोडावेत आणि काट्याने दोन-चारदाच हलवावेत. जास्त घोटलं की बिघडलंच.

उकडपेंडीत हा माल घालू नये. हे मुद्दाम सांगते, कारण दोन्ही 'झटपट' म्हणून एकत्र करण्याचा मोह होतो. उकडपेंडी हा आमचा स्वतःचा इन्स्टंट पदार्थ, पोह्यांना कंटाळलेल्या घराचा. कांदा-मिरचीची फोडणी, त्यात गव्हाचं किंवा ज्वारीचं जाडसर पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं, मग ताकाचा किंवा गरम पाण्याचा हबका मारत झाकून वाफ आणायची. तिची सगळी गंमत मोकळ्या रवाळ कणांत. तेलात भाजल्याने पिठाच्या कणाला तेलाचं आवरण बसतं आणि पाणी सगळीकडून एकदम शिरत नाही. फ्लेक्स मात्र एकदमच पाणी पितात. एक चमचा जरी गेला तरी उकडपेंडीचा गोळा होतो.

तिसऱ्या ढिगातलं थोडक्यात. वऱ्हाडी रस्सा दाट होतो तो खोबरं-शेंगदाण्याच्या वाटणाने किंवा बेसनाने, आणि त्याला दुसरं काही लावू नये. पण वाटण न करता केलेल्या साध्या टमाट्याच्या सारात, मुगाच्या कढणात, आजाऱ्यासाठीच्या भाज्यांच्या सुपात शेवटी चमचाभर फ्लेक्स भुरभुरले की ते गाठी न होता दाट होतं. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून शिजवत बसावं लागतं. इथे तो स्टार्च शिजलेलाच आहे. कटलेटला रव्याऐवजी कोरडे फ्लेक्स लावून तव्यावर थोड्या तेलात भाजले तर आवरण सुरेख कुरकुरीत होतं, फक्त आच मंद ठेवायची. ते पटकन रंग धरतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हा माल जुना आहे. तिथे पोटॅटो फ्लेक्स म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यांत साधी गोष्ट. नोकरी, थंडी, आणि सोलायला हात नाहीत अशा घरात बटाटेवडा, पॅटिस, पराठा त्यावरच निघायचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या लोण्याच्या मॅशवर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि हिरवी मिरची पडली की तो पदार्थ आपला होतो, हे ज्याने खाल्लंय त्याला समजावं लागत नाही. तिकडची एक सूचना इकडेही उपयोगी: 'बटर', 'चीज', 'गार्लिक' असं लिहिलेली पाकिटं घेऊ नयेत. त्यांत मीठ, दुधाची पावडर, वास सगळं आधीच घातलेलं असतं. आपली फोडणी त्यावर बसत नाही. साधी पाकिटंही पूर्ण कोरी नसतात. त्यांत चिकटपणा कमी करणारं इमल्सिफायर, काळं पडू नये म्हणून फॉस्फेटसारखं मीठ, कधी सल्फाइट असतं. सल्फाइटचा दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो, तेव्हा घटकांची यादी वाचूनच घ्यावं.

त्या यादीमुळेच उपवासाचा प्रश्न उभा राहतो. वाशीम जिल्ह्यात उपवास हा आलूचा मोठा गिऱ्हाईक आहे. एकादशी, श्रावण सोमवार, गजानन महाराजांचा गुरुवार, नवरात्र. साबुदाणा, भगर, शेंगदाणे आणि आलू हे चारच गडी वर्षभर राबतात. फ्लेक्स घालून उपवासाचं थालीपीठ राजगिऱ्याच्या पिठाचं अप्रतिम होतं, कारण राजगिराही ज्वारीसारखाच सुटा. पण पाकिटात साधं मीठ आहे का, इमल्सिफायर कसलं, हे पाहणाऱ्या घरात ते चालणार नाही, आणि त्या घरांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. घरचा कीस असताना त्यांनी तडजोड का करावी?

जैन घरांचा तर प्रश्नच वेगळा. कारंजा लाड आणि शिरपूर ही या जिल्ह्यातली मोठी जैन केंद्रं. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ तर देशभरात ठाऊक. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरात बटाटा पाकिटात गेला म्हणून ग्राह्य होत नाही. तिथे कच्चं केळं आहे. वाफवून कुस्करलेल्या कच्च्या केळ्याचं सारण, कटलेट, पॅटिस. वाळवलेल्या कच्च्या केळ्याचं पीठ. वाफवलेल्या केळ्यातही स्टार्च असाच बांधतो, आणि त्याची चव बटाट्यापेक्षा किंचित तुरट असली तरी मसाल्यात लपून जाते. इन्स्टंट मॅशच्या पाककृती जमवणाऱ्या कोणी कच्च्या केळ्याच्या फ्लेक्सचा विचार केला तर त्याला इथे गिऱ्हाईक आहे. जळगावचं केळं काही फार लांब नाही.

पोषणाच्या बाजूने फ्लेक्सची बाजू कमकुवत आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पोटॅशियम बरंचसं टिकतं, पण सी जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात जातं. प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या आसपास. इन्स्टंट मॅशचा ग्लायसेमिक निर्देशांक ८०च्या वर जातो, म्हणजे मधुमेह्याने वाटीभर खाण्याची गोष्ट ही नव्हे. वर दिलेल्या थालीपिठात पाव वाटीच का, याचं हेही एक उत्तर. मात्र इथे सोयाबीनच्या जिल्ह्याला एक सोय आहे. सोयाबीनच्या पिठात चाळीस टक्क्यांच्या घरात प्रथिनं असतात. त्याचा कच्चट वास आणि सुटेपणा ही त्याची अडचण. बटाट्याचा स्टार्च सुटेपणा झाकतो, नीट भाजल्याने वास जातो. बेसनाऐवजी भाजलेल्या सोयाबीनचं पीठ घालून ते थालीपीठ करता येतं. सोयाबीन पोत्याने बाजार समितीत जातं आणि घरात वाटीभरही शिजत नाही, ही या भागातली जुनी खंत. पाकिटातला आलू तिच्यावर थोडा उतारा ठरला तर गैर नाही.

तयार कोरडं पाकीट घरात आलं की त्याचं काय होतं, याचा अनुभव या जिल्ह्याने एका वेगळ्या पाकिटावर घेतलेला आहे. अंगणवाडीतून मिळणारं टेक होम रेशन, म्हणजे टीएचआर. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम, असं त्याचं गणित. महाराष्ट्रात ते कधी शिऱ्याचं, उपम्याचं, सुकडीचं तयार मिश्रण म्हणून आलं, कधी कोरडं धान्य-डाळ म्हणून. २०१८पासून वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्याने पोषणाचं काम इथे जरा जास्तच तपासलं जातं. तयार मिश्रण पुष्कळ घरांत तसंच पडून राहायचं, कुठे गुरांच्या दावणीत जायचं. चव ओळखीची नाही, गोडी जास्त, एकच पदार्थ रोज. पोर तोंड फिरवणारच. मग सप्टेंबरातल्या पोषण महिन्यात अंगणवाड्यांनी पाककृती स्पर्धा भरवायला सुरुवात केली. टीएचआरचे लाडू, शंकरपाळे, ढोकळा, तिखट धिरडी, थालीपीठ. एकदा तिखट-मीठ घालून तव्यावर पडलं की तेच पीठ पोरं खातात. पाकिटावर लिहिलेला पदार्थ बाजूला सारून पिठाला पीठ म्हणून वापरण्याचं जे शहाणपण तिथे बायांनी दाखवलं, तेच फ्लेक्सला लागू आहे. पाकीट 'मॅश' म्हणतं. आपण मॅश करायला बांधील नाही.

राहता राहिला प्रश्न घरी करण्याचा. बचतगटांच्या पापड-कुरडयांच्या जोडीला बटाट्याची पावडर ठेवता येईल का, असं पुष्कळजणी विचारतात. वाफेवर तापणारं फिरतं पिंप घरी येणार नाही, आणि फिलाडेल्फियाची ती गरम-गार-गरमची युक्ती पाळायची तर तापमान मोजावं लागेल. पण अगदीच काही होत नाही असं नाही. घरच्या चिप्सचा किंवा किसाचा मिक्सरवर रवा काढला तर तो अर्धवट शिजलेला असतो. पाण्यात भिजत नाही, उकळून शिजवावा लागतो. त्याऐवजी आलू पूर्ण उकडून, गार करून, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी किसावा. रात्रभर ठेवल्याने स्टार्च घट्ट होतो, तीच कारखान्याची मधली पायरी थोडी ओबडधोबड. कीस पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवावा, वर मलमल टाकावी, आणि हाताने मोडला की कट्कन तुटतो एवढा कोरडा झाल्यावरच दळावा. रंग थोडा करडा येतो. लिंबाच्या पाण्यात उकडला तर कमी. ही पावडर वाटीत मॅश म्हणून खाल्ली तर खरखरते, ते खरं. थालीपिठात, कटलेटच्या बांधणीला आणि सारात मात्र विकतच्या फ्लेक्सइतकीच चालते, उपवासालाही चालते, आणि तिच्या यादीत एकच घटक असतो. मृगाच्या आत काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवावी. पावसाळ्याची दमट हवा लागली की तिचा आठवड्यात गठ्ठा होतो, आणि मग पुन्हा उन्हाची वाट पाहावी लागते.